क्रूझर, कांद्याची गोणी आणि माझी फसलेली मुलाखत

मुलाखतीत नौदलाच्या अधिकाऱ्यांनी क्रूझर या मोठ्या, दूरवर फिरणाऱ्या युद्धनौकेबद्दल विचारलं, "आपल्याकडे सध्या क्रूझर कुठली?" मी ठोकून दिलं, "आयएनएस म्हैसूर, सर." ते काही बोलले नाहीत, पुढच्या प्रश्नाकडे वळले. घरी आल्यावर कळलं की म्हैसूर नावाची क्रूझर 1985 सालीच निवृत्त झाली. आज त्या नावाने फिरते ती विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर, सहसा क्रूझरहून लहान. क्रूझर आपल्याकडे एकही नाही.

नाशिकरोडच्या आमच्या घरात भिंतीवर मी क्रूझरच्या प्रकारांचा तक्ता लावला होता: प्रोटेक्टेड, आर्मर्ड, लाइट, हेवी, बॅटलक्रूझर. सगळं तोंडपाठ, डोक्यात प्रकाश शून्य. मामा देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले. तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "अरे, हे 155 मिलिमीटर म्हणजे तर आमची बोफोर्स!"

तिथून गाडी रुळावर आली. नौदलांना आवर घालणाऱ्या 1922 च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरवर 10,000 टन आणि 203 मिलिमीटर, म्हणजे आठ इंची तोफ, अशी मर्यादा घातली. 1930 च्या लंडन कराराने त्यातच रेघ मारली: तोफ 155 मिलिमीटरपर्यंत असेल तर लाइट, त्यापुढे हेवी. हे हलकं-जड तोफेचं, जहाजाचं नव्हे. अमेरिकेच्या ब्रुकलिन वर्गातल्या क्रूझर वजनाने हेवीच्या तोडीच्या, पण सहा इंची (152 मिलिमीटर) पंधरा तोफांमुळे त्या लाइट.

मग मामांनी विचारलं, "गोळा केवढ्याचा?" ब्रिटिश सहा इंची गोळा साधारण 50 किलो, आठ इंची 116. "म्हणजे एक कांद्याची गोणी आणि दोनहून जास्त. एक गोणी माणूस उचलेल. दोन एकदम उचलायला यंत्रच लागणार." लाइट क्रूझरचा मारा जलद का, हे मला लासलगावच्या मापात समजलं. ते आजतागायत विसरलो नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तक्ता सोडून एक लढाई घ्यावी: रिव्हर प्लेट, 13 डिसेंबर 1939. जर्मनीची युद्धनौका ग्राफ श्पे दक्षिण अटलांटिक आणि हिंदी महासागरात एकटी फिरून व्यापारी जहाजं बुडवत होती, नऊ बुडवली. तिच्या तोफा अकरा इंची. समोर ब्रिटिशांच्या बाजूने हेवी क्रूझर एक्झेटर आणि लाइट क्रूझर एजॅक्स व अकिलिस. एकटीदुकटीचा निभाव लागणं कठीण, म्हणून एक्झेटर एका बाजूने आणि दोघी लाइट दुसऱ्या बाजूने आल्या. कुणावर मारा करावा, हा पेच ग्राफ श्पेवर आला. एक्झेटरची चाळण झाली, पण जर्मन जहाज उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात शिरलं आणि 17 तारखेला त्यांनी ते स्वतःच उडवून दिलं. व्यापारी वाटा तोडणं आणि राखणं, ही क्रूझरची दोन्ही कामं एकाच लढाईत दिसतात. गंमत म्हणजे ग्राफ श्पेच्या भगिनी-नौकांना जर्मनीने 1940 साली 'हेवी क्रूझर' करून टाकलं. जहाज तेच, पाटी बदलली.

अकिलिस 1948 साली भारताने घेतली. तीच पहिली आयएनएस दिल्ली, 1961 मध्ये दीवच्या कारवाईत होती. हे मुलाखतीत नक्की सांगा.

बॅटलक्रूझरवर फार वेळ घालवू नका. बॅटलशिपच्या, म्हणजे सगळ्यात जड युद्धनौकेच्या तोफा, पण चिलखत पातळ. 1916 साली जटलंडला ब्रिटिशांच्या तीन उडाल्या, एवढं पुरे. प्रोटेक्टेड, आर्मर्ड हे एकोणिसाव्या शतकातलं प्रकरण सगळ्यात शेवटी.

त्याऐवजी अर्जेंटिनाची क्रूझर बेलग्रानो वाचा, तीही मूळची ब्रुकलिन वर्गातलीच. 2 मे 1982 रोजी ब्रिटिश पाणबुडीने बुडवली. मग 2022 साली काळ्या समुद्रात बुडालेली रशियाची क्रूझर मोस्कवा. आणि अमेरिकेच्या टिकॉन्डेरोगा वर्गातल्या क्रूझरची क्षेपणास्त्रं डागायची 122 खोबणी: ताफ्याचं हवाई छत्र सांभाळणं हे त्यांचं मुख्य काम. त्याच नौदलाची झुमवॉल्ट मात्र आकाराने मोठी असूनही विनाशिका म्हणवते.

मामांचं मत अजून तेच आहे: मी तोफखान्याचाच फॉर्म भरायला हवा होता.