फोन आधी पालथा करून बघा

नवा फोन दाखवायला येणारी माणसं मला कॅमेरा सांगतात, रॅम सांगतात, हप्ते किती महिन्यांचे तेही सांगतात. मी फोन हातात घेते आणि पालथा करते. चिपळूणला एसटी स्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, १२ वर्षं झाली. फोनची पाठ कशाची आहे ते कळलं की तो माझ्याकडे कधी आणि कशासाठी परत येणार, याचा अंदाज बांधता येतो.

मे महिन्यात एक वडील मुलाला घेऊन आले. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून घेतलेला फोन, जेमतेम नऊ दिवसांचा. घराच्या जांभ्याच्या पायरीवर पडला, तोही पाठीवर. स्क्रीनला साधा ओरखडा नाही, मागे मात्र कोळ्याचं जाळं. वडील म्हणाले, "ताई, मागे काच कशाला हवी होती? मागून काय बघायचंय?" प्रश्न अगदी बरोबर. फक्त तो नऊ दिवस आधी, विकणाऱ्याला विचारायचा होता.

तर आधी पाठ खरंच कशाची आहे ते ओळखायला शिका. हल्ली प्लास्टिकच्या पत्र्यावर असा चकचकीत थर देतात की मीसुद्धा एखाद्या वेळी फसते. खोक्यावर किंवा जाहिरातीत "ग्लास फिनिश", "ग्लास लाइक" असं लिहिलं असेल तर ती काच नाही. काच असती तर नुसतं काच म्हणाले असते, शेपूट कशाला लावलं असतं? फोनच्या माहितीत "बिल्ड" म्हणून एक ओळ असते, ती वाचा. पॉलिकार्बोनेट, पीसी, पीएमएमए ही सगळी प्लास्टिकचीच नावं. एजी ग्लास म्हणजे वरून मॅट केलेली काच. त्याच ओळीत फ्रेम कशाची तेही दिलेलं असतं आणि तिथे लोक हमखास गडबडतात. "टायटॅनियमचा फोन" म्हणतात, पण आयफोन १५ प्रो घ्या किंवा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा, टायटॅनियम आहे ते कडेच्या फ्रेमला. पाठ दोघांचीही काचेचीच.

वाचायचा कंटाळा असेल तर दुकानातला डेमो पीस उचला. पाठीवर नखाने वाजवा. काच टणक, बारीक वाजते, प्लास्टिक बसकं. मग फोनची पाठ गालाला लावा. काच अंगातली ऊब पटकन ओढून घेते म्हणून गार लागते, धातू त्याहून गार, प्लास्टिक जवळजवळ काहीच नाही. एसी दुकानात सगळंच गार वाटतं, तेव्हा शेजारी ठेवलेलं प्लास्टिकचं कव्हर दुसऱ्या गालाला लावून फरक बघायचा. लोक बघतात. बघू देत.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. मागे काच आली ती नुसती मिरवायला नाही. २००७ चा पहिला आयफोन मागून अॅल्युमिनियमचा होता, पण खालचा पट्टा काळ्या प्लास्टिकचा होता. धातूतून रेंजच्या लहरी जात नाहीत, अँटेनाला खिडकी लागते. पुढे धातूच्या फोनांवर पाठीला आडव्या रेघा दिसायच्या, त्या याच कारणाने. मग बिनतारी चार्जिंग आलं आणि धातूची अडचण वाढली. चार्जरमधल्या तारेच्या वेटोळ्यावर, म्हणजे कॉइलवर, धातूची पाठ ठेवली की त्या पत्र्यातच विजेचे भोवरे फिरतात, पत्रा तापतो आणि बॅटरीपर्यंत काही पोचत नाही. म्हणून २०१७ साली आयफोन ८ आणि एक्स काचेच्या पाठीचे आले. २०२५ च्या आयफोन १७ प्रोने पुन्हा अॅल्युमिनियमचं अंग घेतलं, पण पाठीवर काचेची मोठी खिडकी ठेवलीच.

म्हणून काचेला पैसे मोजण्याआधी स्वतःला विचारा, तुमच्याकडे बिनतारी चार्जर आहे का? घेणार आहात का? नसेल तर काचेचं अर्धं कारण तिथेच संपलं. आणि असला तरी काच हवीच असं नाही, कारण प्लास्टिकमधून ते चार्जिंग आरामात होतं. नोकियाच्या ल्युमिया ९२० ला २०१२ सालीच होतं आणि त्याची पाठ पॉलिकार्बोनेटची होती. सॅमसंगचा २०२१ चा गॅलेक्सी एस२१ तर वरच्या दर्जाचा फोन. पाठ प्लास्टिकची, बिनतारी चार्जिंग चालू.

काचेबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज आहे की गोरिला ग्लास, म्हणजे फोनसाठी मुद्दाम कडक केलेली काच, फुटत नाही. ती काच सुमारे ४०० अंशांवर वितळलेल्या पोटॅशियमच्या मिठात बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे कण बाहेर येतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. एसटीच्या तिघांच्या सीटवरून शाळकरी पोरं उठवून तीन धिप्पाड माणसं बसवली तर कशी चेपून बसतील, तसा काचेचा वरचा थर चेपला जातो. त्या चेपण्यामुळे तडा सहज पसरत नाही. पण हा थर फार पातळ असतो. त्याच्याही खाली जाणारा एखादा ओरखडा पडला की ताकद गेली. म्हणून गिऱ्हाईक सांगतं, "पहिल्या मजल्यावरून पडला तेव्हा काही झालं नाही, आणि आता पलंगावरून पडला तर फुटला!" तो पलंगावरून फुटलेला नसतो. गुहागरच्या किनाऱ्यावर खिशात वाळू गेली होती ना, तेव्हाच त्याचं ठरलं होतं. वाळूतला गारगोटीचा कण काचेपेक्षा कठीण असतो.

तरीही काच हवी असेल तर सपाट पाठीची घ्या. कडेला वळवलेली काच हातात छान बसते, पण पडताना सगळ्यात आधी तीच कड आपटते. मॅट असेल तर उत्तम, बोटांचे ठसे उठत नाहीत. आणि कव्हर पहिल्या दिवसापासून लावा. आता इथे मला खरंच कळत नाही, जी पाठ आयुष्यभर दोनशे रुपयांच्या कव्हराखाली राहणार तिच्या रंगासाठी माणसं दोन-दोन तास का घालवतात.

प्लास्टिकला लोक नाक मुरडतात. मी नाही. ते पडतं, दबतं, उसळी घेतं आणि बहुतेक वेळा नुसता ओरखडा घेऊन उठतं. ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून चकचकीत प्लास्टिक टाळा आणि खरखरीत किंवा मॅट घ्या. रंग आरपार असेल तर आणखी चांगलं. नोकियाच्या एन९ मध्ये रंग प्लास्टिकमध्येच मुरलेला होता, खरवडलं तरी खालून तोच रंग. वरून रंगवलेलं प्लास्टिक कोपऱ्यांवर वर्षभरात पांढरं पडायला लागतं. डेमो पीस रोज शंभर हातांतून गेलेला असतो, त्याचे कोपरे नीट बघा. आणखी एक बघायचं, पाठीच्या मध्यावर अंगठ्याने हलकं दाबा. पत्रा डबडब करत असेल तर आत पोकळी आहे, तिथे दाब थेट बॅटरीवर येईल.

प्लास्टिकचा खरा दोष उष्णतेचा. अॅल्युमिनियम आतली उष्णता भराभर पसरवतं, काच फार कमी, प्लास्टिक त्याहूनही कमी. त्यामुळे प्लास्टिकचा फोन हाताला तापलेला वाटत नाही आणि आत मात्र तापलेला असतो. रिक्षाच्या पुढच्या काचेशी मे महिन्याच्या उन्हात फोन टांगून दिवसभर नकाशा लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चार्जिंग करताना निदान कव्हर तरी काढा.

आता चामड्याबद्दल, म्हणजे ज्याला व्हिगन लेदर म्हणतात त्याबद्दल. मागे लावलेल्या या गोष्टीचा आणि जनावराचा काही संबंध नाही. ते प्लास्टिकच्या पॅनलवर चिकटवलेलं पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन असतं. हाताला मऊ, घसरत नाही, फुटायचा प्रश्नच नाही. पुण्यात-नाशकात राहणाऱ्याला मी बिनधास्त घे म्हणते. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. ओल आणि घाम मिळून पॉलियुरेथेनला हळूहळू सोलवतात. आधी कॅमेऱ्याच्या कडेला बारीक फुगा येतो, मग पापुद्रा. दाभोळच्या एक मासेवाल्या मावशी असा फोन घेऊन आल्या होत्या. मिठाचे हात, बर्फाचं पाणी, दीड वर्षात पाठ जुन्या सोफ्यासारखी झाली होती. तुम्ही किनाऱ्याला राहत असाल आणि हे घ्यायचंच असेल तर सिलिकॉनवालं घ्या, ते जास्त टिकतं. फिका रंग तर नकोच, जीन्सचा निळा डाग त्यात मुरतो आणि कशानेही निघत नाही.

धातूच्या पाठीचे फोन आता फार उरले नाहीत, त्यावर वेळ घालवत नाही. वाकतात, पोचे पडतात, पण फुटत नाहीत. सिरॅमिक मी दोनदाच हाताळलं आहे. शाओमीच्या मी मिक्सला २०१६ साली ते होतं. झिर्कोनिया नावाच्या कठीण पदार्थाचं असतं, वाळूने ओरखडत नाही, पण काचेच्या दुपटीहून जड, आणि सरळ दगडावर आपटलं तर तेही जातं. आयफोनवालं "सिरॅमिक शील्ड" मात्र वेगळं. ती काचच, तिच्यात सिरॅमिकचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात.

इतकं झाल्यावर दुकानात एक प्रश्न विचारा, जो कोणीच विचारत नाही: ही पाठ उघडायची कशी? कारण पाठ म्हणजे शेवटी झाकण आहे आणि तिच्याखाली बॅटरी आहे. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ येते, तेव्हा ते झाकण माझ्यासारखं कोणीतरी उघडणार. प्लास्टिक असेल तर कडा जरा गरम करून फटीत पिक, म्हणजे पातळ पट्टी, फिरवली की सुटतं, आणि परत तेच बसवता येतं. काच असेल तर फोन हीटिंग मॅटवर ठेवायचा, गोंद मऊ होईपर्यंत थांबायचं, सक्शन कपाने उचलायचं आणि श्वास धरायचा. आधीच तडा गेलेला असेल तर ती अखंड निघतच नाही, तुकडे वेचावे लागतात. आयफोन ८ पासून १३ पर्यंत मागची काच इतकी पक्की चिकटवलेली आहे की ती बदलायला लेसर मशीनने गोंद जाळावा लागतो, ते मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जावं लागतं. २०२२ च्या साध्या आयफोन १४ पासून मागची काच वेगळी निघेल अशी रचना केली, माझ्या मते त्या फोनमधला तोच सगळ्यात मोठा बदल होता, आणि जाहिरातीत कोणी त्याचं नाव काढलं नाही.

म्हणून फोन ठरवण्याआधी तुमच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे जा आणि विचारा, या मॉडेलचं बॅक पॅनल मिळतं का, कितीला, ओरिजिनल की कॉपी. खपणाऱ्या मॉडेलचं प्लास्टिक पॅनल माझ्याकडे चार-पाचशेत होतं. काचेचं त्याच्या कितीतरी पट जाऊ शकतं, आणि न खपलेल्या मॉडेलचं तर कुठल्याही पैशांत मिळत नाही. आणखी एक: फोन पाण्यात चालतो असं कंपनीने सांगितलं असेल तर ते न उघडलेल्या फोनबद्दल. एकदा पाठ उघडली की नवं सील कितीही नीट लावलं तरी मी पाण्याची हमी देत नाही. जुलै २०२१ च्या पुरानंतर माझ्या टेबलावर चिखलाचे फोन ओळीने पडले होते, तेव्हापासून तर नाहीच देत.

आणि पाठ आपोआप उचललेली दिसली, कडेला फट पडली, तर ती फेविक्विकने चिकटवू नका. खाली बॅटरी फुगलेली असते. चार्जिंग बंद करा, फोन बंद करा, दाबू नका, घेऊन या.

ज्यांची काच फुटलीच आहे त्यांनी बॅक पॅनल येईपर्यंत पूर्ण पाठीवर रुंद पारदर्शक टेप लावावी, कॅमेऱ्याची भिंगं सोडून, आणि वर कव्हर. काचेचे कण इतके बारीक असतात की खिशात गेले की मांडीला टोचतात आणि दिसत नाहीत. पावसात मात्र हा उपाय पुरत नाही, ओल आत जातेच.

त्या दहावीच्या मुलाला मी तेच करून दिलं, कारण नव्या काचेची किंमत ऐकून वडील गप्प झाले होते. परवा तो टेप बदलून घ्यायला आला. आईसाठी फोन बघत होता म्हणे, आणि डेमो पीस गालाला लावला तेव्हा दुकानातला पोरगा त्याला हसला. "मग घेतला का?" मी विचारलं. "नाही," म्हणाला, "गार लागला."