आधी कान, मग डोळे: जुनी हाय-फाय यंत्रं तोलावीत कशी

मॅकिंटॉश की मरँट्झ, क्वाड की जेबीएल, असा जुन्या ॲम्प आणि स्पीकरच्या कंपन्यांवरून वाद रंगला की मी आधी एकच विचारतो: यंत्र कोणत्या अवस्थेत ऐकलंत? पन्नास-साठ वर्षांच्या ॲम्पमधले (आवाज वाढवणाऱ्या यंत्रातले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बदललेलेच नसतील, तर तुम्ही ऐकलं ते त्यांचं म्हातारपण, डिझाइन नव्हे. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तरी एक भरदार आणि दुसरा दमलेला वाटू शकतो, तो यामुळेच.

म्हणून सुरुवात तपासणीपासून. बराच काळ बंद असलेला ॲम्प थेट प्लगमध्ये घालू नका. आधी सिरीज बल्ब, म्हणजे ॲम्पकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच जोडलेला बल्ब, लावून चालू करा. जुना तारेचा बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जा; प्रखर जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. नॉब फिरवताना खरखर होते का, सतत घुं ऐकू येतं का, एक चॅनल दबलेला आहे का, स्पीकरच्या कडेचा फोम बोट लागताच चुरतो का, हे बघून घ्या. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या यंत्रात अनेकदा चारशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. सवय नसेल तर झाकण जाणकारालाच उघडू द्या. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्पमधून आवाज सोडू नका, व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आता ऐकणं. इथे बहुतेकांची तुलना एकाच कारणाने वाया जाते: दोन्ही यंत्रांची पातळी सारखी नसते. जे किंचित मोठं वाजतं ते कानाला ‘जास्त मोकळं’, ‘जास्त जिवंत’ वाटतं, आणि आपण त्याचं श्रेय ब्रँडला देऊन बसतो. उपाय सोपा आहे. एक किलोहर्ट्झचा स्थिर सूर लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. पहिल्या ॲम्पवर 2.00 व्होल्ट आले तर दुसरा 1.98 ते 2.02 मध्ये आणा. म्हणजे फरक साधारण 0.1 डेसिबलच्या आत राहतो. टोन कंट्रोल मध्यावर, लाउडनेस (हलक्या आवाजात खर्ज वाढवणारं बटण) बंद. आणि तारा बदलायला दुसऱ्या कुणाला बसवा. काय वाजतंय ते तुम्हाला दिसता कामा नये. मॅकिंटॉशचे निळे मीटर समोर डोलत असताना कान निःपक्ष राहत नाहीत, माझेही राहत नाहीत.

स्पीकर मात्र ठरवून निवडा. व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) सहसा ट्रान्झिस्टरवाल्यापेक्षा जास्त असतो आणि स्पीकरचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो. त्यामुळे तोच ॲम्प एका स्पीकरवर उबदार आणि दुसऱ्यावर सपाट लागतो. निदान दोन वेगळ्या जातीच्या स्पीकरवर ऐकल्याशिवाय मत देऊ नये, असं मी मानतो.

त्या जातींचं उत्तम उदाहरण म्हणजे एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीचा एआर-3ए आणि जेबीएल एल100 हे स्पीकर. दोन्हींत बारा इंची वूफर (खर्जाचा शंकू), पण विचार उलटे. एडगर विल्चर यांनी 1954 च्या एआर-1 पासून बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं. त्यामुळे लहान पेटीतून खोल, आवरलेला खर्ज मिळाला, पण हे घराणंच ताकद खाणारं. 1970 चा एल100 स्टुडिओतल्या 4310 मॉनिटर स्पीकरवरून आला. कमी ताकदीत मोठा वाजतो, ड्रम अंगावर येतात, मधले सूर पुढे. या दोघांची पातळी टर्मिनलवर नाही, बसायच्या जागी ध्वनिमापकाने जुळवा. गायकाचा आवाज मात्र मला आजही 1957 च्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिकवर ऐकावासा वाटतो. पीटर वॉकर यांनी शंकूऐवजी ताणलेला पातळ पडदा वापरला. खर्ज मर्यादित, मोठ्याने वाजवायची सोय नाही, जागेवरून सरकलात की तार सूर हरवतात. पण नीट समोर बसलात तर शब्दाआधीचा श्वाससुद्धा मोकळा ऐकू येतो.

रूप हाताने बघायचं. 1971 च्या मरँट्झ 2270 या रिसीव्हरवर (रेडिओ आणि ॲम्प एकत्र) ट्यूनिंगचा नॉब नाहीच. पॅनलच्या फटीतून एका आडव्या चाकाची कड बाहेर येते. अंगठ्याने ती ढकलून सोडा: चाक वजनामुळे स्वतःच फिरत राहतं आणि निळ्या डायलवर काटा सावकाश थांबतो. थांबताना अडखळलं तर काटा ओढणारी दोरी किंवा बेअरिंग बघावं लागेल. मॅकिंटॉशच्या काचेच्या पॅनलवर अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला असतात, त्यामुळे बोटांनी झिजत नाहीत. झिजतो तो मागचा रंग. खोलीत अंधार करून पॅनल पेटवा, पापुद्रे निघाले असतील तर प्रकाशाचे ठिपके लगेच दिसतील. मागून काच पुसायला मुळीच जाऊ नका, उरलेलाही रंग निघून येतो.

वॉटचे आकडे वाचताना साल बघा. 1974 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ताकद मोजण्याचे नियम लागू केले. त्याआधीच्या जाहिरातींतले ‘पीक’ (क्षणभराचे कमाल) वॉट नंतरच्या वॉटशी ताडू नयेत. नियमानंतर खरी चढाओढ लागली: पायोनियरच्या एसएक्स-1250 रिसीव्हरमध्ये 1976 ला चॅनलमागे 160 वॉट, 1978 च्या एसएक्स-1980 मध्ये 270. वजनानेच त्यांचा काळ कळतो.

वारसा ठरवताना मी किंमत आणि दुर्मीळता बाजूला ठेवतो. विचारायचं ते हे: या यंत्रातली कोणती कल्पना पुढे इतरांनी उचलली? टेक्निक्सच्या एसपी-10 या टर्नटेबलने (रेकॉर्ड प्लेयर) 1970 मध्ये मोटरच थेट प्लॅटरखाली, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीखाली, आणली; दोन वर्षांनी आलेल्या एसएल-1200 ने ती कल्पना डीजेंच्या हातात दिली. मॅकिंटॉशने आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा जोडीने गुंडाळून आवाजातली विकृती कमी केली. ते तंत्र 1961 च्या एमसी275 या ॲम्पमध्येही आहे आणि त्याला लागणारे केटी88 व्हॉल्व्ह आजही नवे बनतात. पुनर्निर्मित आवृत्ती हाती आली असेल तर ती मूळ यंत्र म्हणून तोलू नका. आतले भाग आणि कधी कधी सर्किटही वेगळं असतं. मागच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक, सीरियल आणि व्होल्टेज टिपून ठेवा. जपानच्या बाजारासाठी बनलेलं 100 व्होल्टचं यंत्र योग्य ट्रान्सफॉर्मरशिवाय जास्त दाबावर लावलंत, तर तुलनेला ते उरणारच नाही.