पोर्तुगालला निघायच्या आधी: वसईपासून सुरू होणारी तयारी

माझी मावशी आणि काका जूनमधे पोर्तुगालला चाललेत, आणि मी आईला घेऊन जाऊन आलेय म्हणून मावशीने हक्काने सांगितलं की काय काय तयारी करायची ते नीट लिहून दे, म्हणून बसलेय लिहायला, आणि लिहितेच आहे तर अजून कोणी जाणार असेल त्यांनाही उपयोग होईल. बॅगेत काय भरायचं ते सांगतेच, पण माझं खरं म्हणणं असं आहे की या देशाची तयारी बॅगेपासून नाही, डोक्यापासून करायची. कारण आपण मराठी माणसं तिथे पूर्ण परकी म्हणून जात नाही, आपल्या तोंडातले कितीतरी शब्द तिथले आहेत, आणि ते माहीत नसताना गेलं तर निम्मी मजा विमानतळावरच राहून जाते.

म्हणून पहिलं काम, तिकीट काढलं की एका रविवारी वसईचा किल्ला बघून या. आम्ही वसईचेच, लहानपणापासून तिथे सहलीला जायचो, पण जायच्या आधी मुद्दाम आईसोबत परत गेले तेव्हा पहिल्यांदा पडक्या चर्चमधल्या थडग्यांच्या दगडांवरची अक्षरं थांबून बघितली. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त, वसई पोर्तुगीजांकडे होती, मग चिमाजी अप्पांनी घेतली, आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांमधे गेल्या, नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच म्हणतात. मुंबई पण पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनच्या लग्नात, १६६१ च्या करारात, इंग्रजांना आंदण गेली. हे एवढं डोक्यात असलं की लिस्बनमधे उभं राहिल्यावर समोर जे दिसतं त्याचं दुसरं टोक आपल्या घराजवळ आहे हे कळतं. वसई लांब पडत असेल तर रेवदंडा-कोर्लई करा, कोर्लई गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली वेगळी बोली बोलतात.

दुसरं काम, एक छोटी वही करा. आईने केली होती, त्यात तिने आपल्याकडचे पोर्तुगीजमधून आलेले शब्द लिहिले. पाव, बटाटा, चावी, पगार, तुरुंग, लिलाव, घमेलं, परात, बिजागरी, बालदी, पिंप, कोबी, अननस, नाताळ. उच्चार तिथे जरा बदलतात, पाव म्हणजे ‘पाउं’, चावी म्हणजे ‘शाव’, आणि खिडकी म्हणजे ‘झनेला’, आपल्या कोकणातलं आणि गोव्यातलं जनेल. सगळ्यात कामाचा शब्द पगार, कारण तिथे ‘पगार’ म्हणजे पैसे देणं, हॉटेलात खाऊन झालं की ‘केरिया पगार’ म्हटलं की बिल येतं. आई पहिल्यांदा म्हणाली आणि वेटर लगेच बिल घेऊन आला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता, सत्तरीची बाई, परदेशात पहिल्यांदा, आणि तिला तिथल्या भाषेत बोलता आलं. चहाला ‘शा’ म्हणतात. आभार मानताना पुरुषाने ओब्रिगादु म्हणायचं आणि बाईने ओब्रिगादा, समोर कोण आहे त्यावर नाही तर बोलणारा कोण आहे त्यावर ठरतं. आणि कृपया स्पॅनिश बोलू नका. ते लोक समजून घेतील, पण त्यांना आवडत नाही, शतकानुशतकं शेजारच्या मोठ्या देशापासून आपलं वेगळेपण त्यांनी जपलंय, मधे १५८० ते १६४० साठ वर्षं स्पेनच्या राजाखाली राहावं लागलं ते अजून विसरलेले नाहीत, १ डिसेंबरला त्या सुटकेची सुट्टी असते.

तिसरं, नकाशा उघडून बसा. बऱ्याच जणांना वाटतं पोर्तुगाल भूमध्य समुद्रावर आहे, नाहीये. पश्चिमेला आणि दक्षिणेला अटलांटिक, उत्तरेला आणि पूर्वेला स्पेन, बस, दुसरा शेजारीच नाही. क्षेत्रफळ साधारण ९२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी, लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे माणसांच्या हिशोबाने अख्खा देश मुंबईपेक्षा लहान. उत्तर-दक्षिण साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आणि रुंदी कुठेही सव्वादोनशेच्या वर जात नाही, उभी पट्टी, आपल्या कोकणासारखी. मधून तेजू नदी वाहते, ती लक्षात ठेवा, कारण देशाचे दोन स्वभाव तिथे वेगळे होतात. तेजूच्या उत्तरेला डोंगर, हिरवळ, पाऊस, छोटी छोटी शेतं, आणि दक्षिणेला आलेन्तेजूचं सपाट, कोरडं, तापलेलं माळरान, त्यात ऑलिव्ह आणि बुचाची झाडं. बूच म्हणजे बाटलीचं बूच, जगातलं जवळजवळ निम्मं बूच या एका देशात निघतं. झाड तोडत नाहीत, फक्त साल सोलतात आणि ती परत यायला नऊ वर्षं थांबतात, कुठल्या साली सोलली त्याचा आकडा झाडावर रंगवून ठेवतात, बसमधून जाताना ते आकडे दिसतात, बघा. मुख्य भूमीवरचा सगळ्यात उंच डोंगर सेरा दा एश्त्रेला, १,९९३ मीटर, पण देशातलं सगळ्यात उंच शिखर समुद्रात आहे, अझोर्स बेटांवरचं पिको, २,३५१ मीटर. अझोर्स आणि मादेइरा ही बेटं एका आठवड्याच्या ट्रिपमधे कोंबू नका, त्यांना वेगळं जावं.

आता कागदपत्रं. शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटच्या पंधरा दिवसांवर आणू नका, आमची अपॉइंटमेंट इतकी उशिरा मिळाली होती की पासपोर्ट हातात येईपर्यंत आईला झोप नव्हती. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोच्या कव्हरचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन पानं कोरी. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या हद्दीवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवीन पद्धत आलीय, त्यामुळे जर्मनी किंवा फ्रान्सवरून विमान बदलणार असाल तर ती रांग तिथेच लागते, मधे तीन तास तरी ठेवा. दुबईवरून गेलात तर ती रांग लिस्बनला. वेळेचा हिशोब असा की उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आणि हिवाळ्यात साडेपाच, घरच्यांना फोन करायची वेळ आधीच ठरवा. प्लग गोल दोन पिनांचा, आणि इमर्जन्सी नंबर ११२.

खाऊ नेताना एक लक्षात ठेवा, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खव्याचं काही नको. चिवडा, भाजणी, मेतकूट, खाकरे चालतात. मावशी हापूस न्यायचं म्हणत होती, तेही नको, फळं अशी बॅगेतून नेता येत नाहीत. वाईट वाटतं, कारण हापूस हे नावच अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आलंय, ज्याच्या नावाचा आंबा त्याच्याच देशात नेता येत नाही.

चपला-बुटांवर पैसे खर्च करा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. तिथले फुटपाथ छोट्या छोट्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडांचे असतात, सुंदर नक्षी असते, पण पावलांनी घासून गुळगुळीत झालेत आणि जरा ओलं झालं की काचेसारखे, आणि लिस्बन तर सात टेकड्यांवर वसलंय. आई दुसऱ्याच दिवशी उतारावर घसरली, नशीब हाड वाचलं, पण दोन दिवस पाय सुजलेला. रबरी सोलचे, आधी महिनाभर वापरून सैल झालेले बूट घाला. जूनमधे गेलात तरी एक विंडचीटर पाहिजेच, संध्याकाळी समुद्रावरून गार वारा सुटतो, आणि अटलांटिकचं पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार असतं, गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्यांनी धावत जाऊन उडी मारू नका. उलट आलेन्तेजूत उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो, आणि देशाच्या आतल्या भागात जंगलं पेटतात, २०१७ च्या जूनमधे मध्य पोर्तुगालमधल्या पेद्रोगाँव ग्रांद भागातल्या वणव्यात साठाहून जास्त माणसं गेली, त्यामुळे आत डोंगरात जाणार असाल तर त्या दिवशीचा इशारा बघूनच निघा.

लिस्बनसाठी चार दिवस ठेवा, कमी नको. बैशा हा सरळ रस्त्यांचा भाग १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानंतर तेव्हाचा मंत्री मार्क्विस द पोंबालने नव्याने बांधला, सणाचा दिवस होता, चर्चमधे मेणबत्त्या पेटलेल्या, आधी भूकंप, मग समुद्राची लाट, मग आग. कार्मु मठाचं छप्पर तेव्हा पडलं ते तसंच ठेवलंय, नुसत्या कमानी आणि वर आकाश, तिथे जा. मग आल्फामा, तो भाग भूकंपातून बराचसा वाचला, म्हणून अजून गल्लीबोळांचा आहे, फादो गाणं तिथे ऐकायचं, गाणं चालू असताना बोलायचं नाही, दिवे मंद करतात आणि सगळे गप्प होतात. २८ नंबरच्या ट्रॅममधे पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि सकाळी लवकर बसा.

लिस्बनच्याच बेलें भागात जेरोनिमुस मठात वास्को द गामाचं थडगं आहे. आम्ही तिथे बराच वेळ उभ्या होतो. ८ जुलै १४९७ ला तो याच किनाऱ्यावरून निघाला आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला पोचला, तिथून पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. तिथे दर्यावर्दी म्हणून त्यांना फार मान आहे, आणि धाडस मोठं होतंच, पण आपण जाताना दुसरी बाजू पण डोक्यात घेऊन जायची, गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाखाली चालवलेले खटले आणि छळ, आणि दक्षिणेला लागुश गावात १४४४ मधे आफ्रिकेतून माणसं आणून विकली तो बाजार. तिथे आता म्युझियम आहे, जमलं तर बघा. आणि तिथल्या सामान्य माणसाने पण खूप सोसलंय, सालाझारच्या हुकूमशाहीत गोवा सोडायला तयार नव्हते, आपलं सैन्य गेलं तेव्हा १९ डिसेंबर १९६१ ला सुटला, आणि त्यांची स्वतःची सुटका त्यानंतर १२ वर्षांनी, २५ एप्रिल १९७४ ला, सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली. तेजूवरच्या मोठ्या लाल पुलाचं आधीचं नाव सालाझार, आता २५ एप्रिल पूल. पुढे अंतोनियो कोश्ता, ज्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, त्या देशाचे २०१५ पासून २०२४ पर्यंत पंतप्रधान होते, हे काकांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना.

बहुतेक म्युझियम सोमवारी बंद असतात तेव्हा सोमवार लिस्बनजवळच्या सिंत्रासाठी ठेवा, रोसियु स्टेशनवरून लोकल जाते, पेना राजवाड्याचं तिकीट वेळेसकट आधी ऑनलाइन काढायचं. उत्तरेतल्या पोर्तू शहराला रेल्वेने जा, अल्फा पेंदुलार गाडी साधारण तीन तासात पोचवते, तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त. वाटेत कोइंब्रा, तिथलं विद्यापीठ १२९० मधे स्थापन झालेलं, आणि आवैरु, जिथे मिठागरं आहेत, अगदी आपल्या वसई-भाईंदरसारखी, पांढरे ढीग बघून आई म्हणाली अगं हे तर आपलंच. पोर्तूला साऊ बेंतु स्टेशनच्या निळ्या टाईल्स, दोरू नदीवरचा १८८६ चा लोखंडी पूल पायी ओलांडायचा, वरच्या मजल्यावरून. वसईच्या ख्रिश्चन मैत्रिणी फातिमा या मेरीमातेच्या तीर्थाला हमखास जातात, १३ मे आणि १३ ऑक्टोबरच्या आसपास लाखोंची गर्दी असते, शांतपणे दर्शन हवं असेल तर त्या तारखा टाळा. नाझारेच्या प्रचंड लाटा हिवाळ्यात येतात, समुद्राखालच्या खोल दरीमुळे, जूनमधे त्या शोधू नका.

शाकाहारी असाल तर ‘सेंय कार्न, सेंय पैश’, म्हणजे मांस नको मासे नको, वहीत मोठ्या अक्षरात लिहा. काल्दु व्हेर्द नावाचं पालेभाजीचं सूप शाकाहारी दिसतं पण वर सॉसेजची चकती टाकतात, आधीच सांगायचं. गोड पदार्थ जवळजवळ सगळे अंड्याच्या पिवळ्या बलकाचे, पाश्तेल द नाता पण, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्या. टेबलवर बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, त्यात वाईट कोणाला वाटत नाही. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ, बाकल्याऊ म्हणजे खारवलेला सुका कॉड, आपल्या सुक्या मासळीवर वाढलेल्या माणसाला तो वास ओळखीचा वाटतो, आणि १२ जूनच्या रात्री लिस्बनच्या गल्ल्यागल्ल्यांत सांतु अंतोनियुच्या सणाला निखाऱ्यावर तारल्यांसारखे सार्दिन भाजतात, मावशी तेव्हा तिथे असणार म्हणून मला हेवा वाटतोय. वरण-भाताची फारच आठवण आली तर मार्तिं मोनिश चौकाच्या आसपास डाळ, तांदूळ, मसाले सगळं मिळतं.

माणसं मवाळ बोलतात, हळू आवाजात, दुकानात शिरताना बों दिया म्हणायची पद्धत आहे, ते न म्हणता थेट विचारलं तर उद्धट वाटतं. पाट्यांवर लोपीस, परेरा, फर्नांडिस वाचून सारखं आपल्या गल्लीत असल्यासारखं वाटतं. म्हातारी माणसं खूप दिसतात, बाकावर बसलेली, आणि तुम्ही थांबलात तर बोलतात. एका आजींनी आईला कुठून आलात विचारलं, आई म्हणाली बसैं, वसईचं त्यांचं नाव, आजींना ते माहीत नव्हतं, मग आई गोवा म्हणाली तसा आजींनी तिचा हात धरला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या, आम्हाला त्यातलं ‘नाताल’ आणि ‘मांगा’ एवढंच कळलं. तर वहीत मागची पानं कोरी ठेवा आणि पेन बॅगेत नाही, पर्समधे ठेवा. जाताना आईच्या वहीत चौदा शब्द होते, परत आलो तेव्हा एकतीस.