विषय सुचत नाही तेव्हा: प्रदर्शन, चित्रकार आणि आउटडोअरमधून हाती काही कसं लागेल

कॉम्पोझिशनचं सबमिशन तोंडावर आलं की कलामहाविद्यालयातली मुलं एक तर मोबाइलवर चित्रं चाळत बसतात, नाहीतर ‘जहांगीरला एक चक्कर मारू’ म्हणून निघतात. दुसरा मार्ग केव्हाही बरा. पण नुसत्या चकरेतून फारसं काही हाती लागत नाही. अर्ध्या तासात चार दालनं होतात, पन्नाससाठ फोटो निघतात, आणि दोन दिवसांनी त्यातलं एकही चित्र डोळ्यांसमोर येत नाही. प्रदर्शन बघायचं ते हातात पेन्सिल धरून, आणि स्वतःच्या कामातली एखादी अडचण बरोबर घेऊन.

ही अडचण निघायच्या आदल्या रात्री ठरवावी. आपली शेवटची तीन-चार कामं भिंतीला टेकवून ठेवा आणि काय खटकतंय ते एका वाक्यात लिहा. ‘रचना कमजोर आहे’ असलं मोघम वाक्य चालणार नाही. ‘पार्श्वभूमी मागाहून भरल्यासारखी दिसते’, ‘सावल्या काळ्याकुट्ट पडतात’, ‘माणसं एकमेकांपासून सुटी वाटतात’ असं नेमकं लिहावं. मग उद्या प्रत्येक चित्रापुढे तेवढंच बघायचं. पार्श्वभूमीची अडचण असेल तर माणसाची कड मागच्या रंगाला कुठे भिडते, कुठे त्यात विरघळते आणि कुठे धारदार राहते एवढ्यावरच नजर ठेवा. बाकी चित्र कितीही सुंदर असलं तरी आज ते सोडून द्यायचं.

सामान थोडंच लागतं. शिवलेल्या बांधणीची ए-फाइव्ह वही, २बी आणि ४बी पेन्सिल, खोडरबर. संग्रहालयात पाण्याचे रंग आणि शाई काढू देत नाहीत, त्यामुळे पेन्सिलच. सॅक दारातच ठेवून घेतात, म्हणून वही-पेन्सिल आधीच हातात किंवा खिशात ठेवा. पेन्सिली घरूनच टोक करून न्या, म्हणजे दालनात टोकयंत्राचा कचरा होत नाही.

मुंबईत काळा घोडा परिसर एका दिवसात होतो, पण वार बघून जावं. जहांगीर आर्ट गॅलरीतली प्रदर्शनं साधारण मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७, प्रवेश मोफत. समोरच्या चौकातली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारत, म्हणजे जुना कावसजी जहांगीर हॉल, सोमवारी बंद असते. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटनाची गर्दी आणि सोमवारी चित्रं उतरवायची घाई, म्हणून बुधवार ते शुक्रवार दुपार उत्तम. सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांपासून करा, कारण तिथे बारीक बघावं लागतं आणि सकाळी डोळे ताजे असतात. लघुचित्रांना एक छोटं भिंग न्या. काचेत आपलंच तोंड दिसत असेल तर अंगावर गडद कपडे असले की प्रतिबिंब कमी होतं. हे संग्रहालय एका दिवसात संपवण्याच्या फंदात पडू नका, एकच दालन घ्या. जहांगीर शेवटी ठेवावं, कारण चित्रकार तिथे संध्याकाळपर्यंत बसलेले असतात.

दालनात शिरल्यावर पहिली फेरी न थांबता मारायची, दहा मिनिटांत. वही बंद, मोबाइल खिशात. दुसऱ्या फेरीत आपल्या अडचणीशी ज्यांचा संबंध आहे अशी फक्त तीन चित्रं निवडा. प्रत्येकाचं साधारण ५ बाय ७ सेंटिमीटरचं थंबनेल, म्हणजे चिमुकलं कच्चं रेखाटन, काढा. त्यात तीनच टोन ठेवायचे: कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद. चेहरे, दागिने, पानं यातलं काही नको. पाच मिनिटांत थंबनेल झालं नाही तर तुम्ही तपशिलात अडकला आहात असं समजा. पान उलटा आणि पुन्हा काढा. बाजूला आकार, माध्यम आणि वर्ष लिहा. आकार लिहायलाच हवा. फोटोत सहा फुटांचं चित्र आणि नऊ इंचांचं चित्र सारखंच दिसतं आणि घरी येऊन सहा फुटांची कल्पना आपण पाव इम्पिरिअलवर, म्हणजे ११ बाय १५ इंचांच्या कागदावर, कोंबतो. तिथे ती बसत नाही.

फोटो सगळ्यात शेवटी काढा, परवानगी असेल तरच. आधी पाटीचा, मग चित्राचा, मग बाजूने तिरका. सुरुवातीलाच फोटो काढला की ‘झालं बघून’ असं वाटतं आणि नजर पुढे सरकते.

तिरकं बघण्याची सवय लावून घ्यावी. भिंतीच्या जवळ, चित्राच्या बाजूला उभं राहिलं की दिव्याचा उजेड पृष्ठभागावरून घसरत येतो आणि रंगाचे थर, खरवडलेल्या जागा, आधी काढून मग बुजवलेली रेषा हे सगळं वर येतं. फ्रेम नसलेल्या कॅनव्हासची कड तर आवर्जून बघा. खिळ्यांपाशी दुमडलेल्या पट्टीवर प्रायमरचा म्हणजे अस्तराचा रंग, पहिला वॉश (पातळ रंगाचा थर), मागाहून बदललेली पार्श्वभूमी असं सगळं एकाखाली एक दिसतं. समोरून करडं भासणारं चित्र मुळात तांबड्यावर रंगवलेलं असतं ते इथे कळतं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं चित्र समोर आलं तर ही पद्धत लगेच लावून बघा. रोलर आणि पॅलेट नाइफने लावलेला, कागदाने टिपून उचललेला रंग छापील पुस्तकात गुळगुळीत दिसतो, प्रत्यक्षात तसा नसतो. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी वापरलेल्या एनॅमलची चकाकीही छपाईत मरते.

जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः बसलेले असतात आणि विद्यार्थी लांबूनच जातात, हे नुकसान आहे. भीड बाजूला ठेवून जा, पण आधी पूर्ण प्रदर्शन बघून. ‘सर, प्रेरणा कुठून मिळाली?’ हा प्रश्न विचारू नका. आठवडाभर तो ऐकून ते कंटाळलेले असतात आणि ठरलेलं उत्तर देतात. त्याऐवजी एका विशिष्ट चित्रासमोर नेऊन विचारा: हे सुरू केलं तेव्हा पहिला रंग कुठला पडला? कच्चं स्केच केवढं होतं? ही कड तुम्ही मऊ का सोडली? या मालिकेतली किती चित्रं जमली नाहीत म्हणून बाजूला ठेवली? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक चित्रकार मनापासून बोलतात. पहिल्याच भेटीत आपली फाइल उघडू नका. निघताना ‘स्टुडिओत काम बघायला आलो तर चालेल का?’ एवढंच विचारा आणि होकार मिळाला तर आठवडाभरात दिवस ठरवा. स्टुडिओत पॅलेटवर रंग कुठल्या क्रमाने मांडलेत, अर्धवट चित्र कुठे ठेवलंय, उजेड कोणत्या बाजूने येतो याकडे लक्ष द्या. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, अपुऱ्या चित्राचा तर नाहीच.

अजिंठा

स्टडी टूरमध्ये अजिंठा बहुतेकांचा होतो आणि बहुतेकांचा वाया जातो. बस उशिरा पोचते, पन्नास मुलं एकदम लेण्यात शिरतात, मार्गदर्शक तीन गोष्टी सांगतो, पुढे चला. जमलं तर तीन-चार जणांनी स्वतंत्र जा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. त्यामुळे रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ असा बेत बसतो. जळगावहून अजिंठा साधारण साठ किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरहून शंभर. फर्दापूर फाट्यावर गाडी सोडून तिथल्या बसने पुढचे चार किलोमीटर जावं लागतं. त्याचा वेळ धरून लेणी उघडताना पोचा.

सगळी लेणी बघायची हाव नको. १, २, १६ आणि १७ क्रमांकाची चित्रांसाठी, २६ मधलं महापरिनिर्वाण शिल्पासाठी. चित्रांच्या लेण्यात चपला बाहेर काढाव्या लागतात, फ्लॅशला बंदी आहे आणि उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. उन्हातून आत गेल्यावर पहिली पाच-सात मिनिटं काहीच धड दिसत नाही. पुष्कळ जण नेमके तेवढ्यातच बाहेर पडतात. एका बाजूला उभे राहा, डोळे सरावू द्या. हळूहळू भिंत उमलते.

आत गर्दी असली की पहारेकरी पुढे सरकवतात, तेव्हा इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेतलं स्मरणचित्र, म्हणजे आठवून काढलेलं चित्र, उपयोगी पडतं. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, आहे. त्याच्यासमोर चार मिनिटं नुसतं बघा: मान किती कलली आहे, खांद्यांची रेषा तिच्या उलट कशी जाते, कंबर पुन्हा कुठे वळते, कमळ धरलेल्या बोटांत ताण आहे की नाही. मग बाहेर ओसरीत येऊन आठवेल तसं रेखाटा. पुन्हा आत जा आणि चूक शोधा. जवळजवळ प्रत्येकाची मान कमी कललेली येते, कारण हात सरळपणाकडे ओढतो. ती चूक खोडू नका, शेजारी दुरुस्त रेषा काढा. अशा तीन फेऱ्यांत जे कळतं ते शंभर फोटोंत कळत नाही.

रंग आत भरू नका. दिव्याखाली रंग जसा दिसतो तसा तो नसतो. त्यातून १९२०च्या दशकात हैदराबाद संस्थानाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला होता आणि तो पुढे पिवळसर-तपकिरी पडला. ‘अजिंठ्याचा ब्राऊन’ म्हणून विद्यार्थी जो सरसकट वापरतात त्यात या लेपाचाही वाटा आहे. मूळ रंग गेरू, पिवळी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, हिरवी माती आणि लाजवर्दाचा निळा असे होते. ते कोरड्या गिलाव्यावर चिकट माध्यमात लावलेले आहेत, म्हणून याला खऱ्या अर्थाने फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं चित्र, म्हणता येत नाही. जर्नलमध्ये तसं लिहू नका. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात इथे नकला करत होते. त्यातल्या बऱ्याच लंडनच्या आगीत जळाल्या.

घाटावर

आउटडोअरसाठी, म्हणजे बाहेर बसून निसर्गचित्र करायला, वाई आणि तिथून तीनेक किलोमीटरवरचं मेणवली घ्या. नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत आणि मागे कृष्णेचा घाट. दोन दिवसांसाठी ३०० जीएसएमच्या जाड कागदाचे दोन फुल शीट पुरतात, त्यांचे पाव आकाराचे, ११ बाय १५ इंचांचे, आठ तुकडे होतात. १२ बाय १६ची प्लायची पाटी, मास्किंग टेप, १२ आणि ६ नंबरचे गोल ब्रश, एक इंची फ्लॅट. रंग सहाच: अल्ट्रामरीन, सेरुलियन, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन. पाणी दोन डब्यांत, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ.

काम सकाळी सात ते साडेनऊ, मग थेट चारनंतर. मधल्या वेळात ऊन डोक्यावर असतं आणि पायऱ्यांचं घनत्व नाहीसं होतं. सावलीची कड सगळ्यात आधी पेन्सिलने आखून घ्या. तासाभराने ती सरकलेली असेल, तरी चित्रात हलवू नका. सावलीमागे धावणाऱ्याच्या चित्रात तीन वेळांचा उजेड येतो. घाटाचा दगड काळा, म्हणून काळा रंग लावणं ही दुसरी नेहमीची चूक. नीट बघितलं तर पायरीचा सपाट भाग आकाशाचा निळा घेतो आणि उभा भाग खालच्या पायरीवरून परतलेल्या उन्हाने कोमट दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून, एकदा निळ्याकडे आणि एकदा तपकिरीकडे झुकवलं की दोन्ही सापडतात. पावसाळ्यात गेलात तर वॉश वाळतच नाही. दुसरा थर घाईने दिला की चिखल होतो. त्या दिवसांत एका थरात, ओल्या रंगावरच ओला रंग देऊन काम करा, नाहीतर कोळसा घ्या.

औंधला श्री भवानी संग्रहालय आहे. तिथे रविवर्मा, धुरंधर आणि शिल्पकार हेन्री मूर यांची कामं एका छताखाली भेटतात. वाईच्या बेताला औंधचा एक दिवस जोडता येतो. पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि डहाणू भागातली वारली हे वेगळं प्रकरण. तिथे आकृत्या उचलून आणू नका. पोथीतली एका मागून एक चित्रं गोष्ट कशी पुढे नेतात, किंवा गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची रेषा किती जाडीची राहते, ते बघा. चित्र काढणाऱ्यांचा वेळ घेतलात तर त्यांचं एखादं काम विकत घ्या.

परत आल्यावर दोन दिवसांत बसायला हवं, नाहीतर वही कपाटात जाते. एक थंबनेल निवडा, त्यातली टोनची मांडणी ठेवा आणि विषय पूर्ण बदला. पद्मपाणीच्या मानेचा कल विरार लोकलमध्ये दांड्याला टेकून झोपलेल्या माणसाला लावून बघा. त्याच मांडणीची सहा छोटी रेखाटनं करा. पहिली दोन मूळ चित्रासारखीच होतील, ती बाजूला ठेवा. चौथ्या-पाचव्यापासून आपलं काही येऊ लागतं. सहाव्यातही पद्मपाणीच दिसत असेल तर ते नक्कल-अभ्यास म्हणून वहीत राहू द्या, खाली मूळ चित्राचा उल्लेख करा आणि सबमिशनसाठी दुसरं थंबनेल उघडा.