मूलभूत हक्कांचा अभ्यास: आधी मर्यादा वाचा, मग हक्क

संविधानाच्या तिसऱ्या भागात अनुच्छेद 12 ते 35 येतात. पानं मोजकीच आहेत, तरी पेपरात घोळ होतो. हक्क तोंडपाठ असतो, पण तो कोणत्या कारणासाठी आणि कुठवर आवळता येतो हे मोघम राहतं. जोर तिथेच द्यायचा.

दुरुस्त्या घातलेली ताजी इंग्रजी बेअर ॲक्ट (टीकाटिप्पणीविना कायद्याचा मूळ पाठ) आणि 'भारताचे संविधान' हा शासनाचा मराठी पाठ शेजारी ठेवा. मराठीत अर्थ लवकर बसतो, पण निकालांत कीस पडतो तो इंग्रजी शब्दांचा. तळटिपा गाळू नका. अनुच्छेद 19(2) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरचे निर्बंध 'वाजवी' असण्याची अट आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण 1951 च्या पहिल्या दुरुस्तीने आलं. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी 1950 मध्ये रोमेश थापर खटल्यात का टिकली नाही, ते या तळटिपेशिवाय कळत नाही. सुव्यवस्थेचं कारण तेव्हा 19(2) मध्ये नव्हतंच.

कोणताही प्रश्न सोडवताना क्रम मोडू नका. समोरचा पक्ष अनुच्छेद 12 मधलं 'राज्य' आहे का? आक्षेप ज्यावर आहे तो अनुच्छेद 13 मधला 'कायदा' आहे का? हक्क मागणारा नागरिक आहे का? अनुच्छेद 15, 16, 19 नागरिकांपुरते आहेत. 14, 20, 21 आणि 25 परदेशी माणसालाही मिळतात. हे झाल्यावरच हक्क, निर्बंध आणि दाद, म्हणजे अनुच्छेद 32 (सर्वोच्च न्यायालय) किंवा 226 (उच्च न्यायालय). घाईत पहिले तीन प्रश्न गाळले की उत्तराचा पायाच जातो.

अनुच्छेद 19 जोड्यांनी पाठ करा: 19(1) मधला हक्क आणि त्याच्या निर्बंधाचा खंड. (a) भाषण ला (2), (b) जमणं ला (3), (c) संघटना ला (4), (d) संचार आणि (e) वास्तव्य ला (5), (g) धंदा ला (6). मालमत्तेचा (f) 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने गेला. प्रत्येक जोडीतली निर्बंधाची कारणं वेगळी आहेत, आणि सगळी गंमत तिथेच आहे. 19(2) मध्ये आठ कारणं आहेत: सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधास चिथावणी. यांत 'जनहित' नाही. तरी भाषणस्वातंत्र्याच्या उत्तरात 'जनहितासाठी निर्बंध घालता येतात' हे वाक्य हमखास येतं आणि गुण जातात.

हा फरक पक्का करायला पुण्याच्या 'सकाळ'चा खटला वाचा. 1956 चा कायदा आणि 1960 चा आदेश यांनी वर्तमानपत्राची पानं किमतीला बांधली होती. जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा, नाहीतर पानं कापा. सरकारचा बचाव असा, की हे धंद्याचं नियमन आहे आणि लहान पत्रांना वाचवण्यासाठी, म्हणजे जनहितासाठी आहे. धंद्याच्या बाबतीत 19(6) ला जनहित चालतं. पण पानं कापली तर मजकूर घटतो, किंमत वाढवली तर खप घटतो. दोन्हीकडून घाव बसतो तो 19(1)(a) वर. म्हणून घटनापीठाने तो कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. एका हक्कावर घाला घालून त्याचं समर्थन दुसऱ्या हक्काच्या अपवादातून करता येत नाही, हा या निकालाचा रेशो, म्हणजे निकाल ज्या तत्त्वावर उभा आहे ते तत्त्व.

एका निकालाला एकच पान द्या. वस्तुस्थिती चार ओळींत, मग वादाचा प्रश्न, अनुच्छेद, सरकारचा बचाव, कसोटी, प्रत्यक्ष आदेश आणि पीठ. बचावाचा रकाना बहुतेक जण सोडतात. तो न लिहिता रेशो सापडत नाही. पीठाची संख्याही लिहाच. खाजगीपणाच्या हक्कासाठी 2017 मध्ये नऊ न्यायाधीश बसवावे लागले, कारण वाटेत 1954 चा आठ जणांचा निकाल होता.

'प्रत्यक्ष आदेश' वेगळा का लिहायचा, ते ओल्गा टेलिस (1985) दाखवतो. उपजीविका अनुच्छेद 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मुंबईतल्या पदपथवासीयांना हटवण्याचा महापालिकेचा अधिकार, मुंबई महापालिका कायद्याचं कलम 314, न्यायालयाने वैधच ठरवला. कारवाई पावसाळ्यानंतर, 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत लांबवली. 'पदपथवासीय खटला जिंकले' असं लिहिणाऱ्याने शेवटची पानं वाचलेली नसतात.

अनुच्छेद 21 एकाच निकालावरून कधी वाचू नका. गोपालन (1950), बँक राष्ट्रीयीकरण (1970), मनेका गांधी (1978) या क्रमाने वाचा. गोपालनमध्ये प्रत्येक हक्काचा कप्पा वेगळा होता, 1970 मध्ये अकरा न्यायाधीशांनी ती भिंत पाडली, म्हणून मनेकामध्ये 14, 19 आणि 21 एकत्र वाचता आले. मधला दुवा सुटला की मनेका आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

सराव रोजच्या आदेशांवर करा. जमावबंदीचा आदेश घ्या (पूर्वीचं कलम 144, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 163). शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क 19(1)(b) मध्ये आहे, म्हणून निर्बंध 19(3) मध्ये शोधा. तिथे दोनच कारणं आहेत: सार्वभौमत्व व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था. आदेशात नुसती 'वाहतुकीची गैरसोय' दिली असेल, तर ती यांपैकी कशात बसते हे दहा ओळींत लिहून काढा.