ट्रेलरचे दिवे आणि पांढरी वायर

गेली 19 वर्षे मी टेक्सासमध्ये राहतो, आणि दर डिसेंबरात कोल्हापूरला आलो की तिकडे निघालेली आपल्या भागातली चार-दोन मुले शाहूपुरीतल्या घरी भेटायला येतात. व्हिसा, घरभाडे, बँकेचे खाते हे सगळे त्यांनी आधीच वाचलेले असते. मात्र यांतली बरीच जण दोन-तीन वर्षांत पिकअप ट्रक घेतात, घर हलवताना किंवा बागेची माती आणताना त्यामागे ट्रेलर जोडतात आणि दिव्यांच्या वायरिंगमध्ये नेमक्या मी केलेल्याच चुका करतात.

शिरोळच्या रस्त्यावर रात्री उसाच्या जोड-ट्रॉल्या मागच्या दिव्यांशिवाय जाताना पाहत आपण लहानाचे मोठे झालो, त्यामुळे मागच्याने बघून घ्यावे हा भाव नकळत अंगी मुरलेला असतो. अमेरिकेत मात्र मागचा चालक तुमच्या दिव्यांवर भरवसा ठेवून भरधाव येत असतो आणि ब्रेकचा दिवा लागला नाही तर थेट येऊन आदळतो.

लहान ट्रेलरला चार वायरींचा चपटा प्लग असतो: पांढरी अर्थिंगची (प्रवाह परत नेणारी), तपकिरी टेल लॅम्पची, पिवळी डाव्या आणि हिरवी उजव्या बाजूची. ब्रेकसाठी पाचवी वायर कुठे आहे, असा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. अशा ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर यांना मागे एकच लाल दिवा असतो, म्हणून पिवळी आणि हिरवी वायर दोन्ही कामे करतात. तुमच्या गाडीला आपल्याकडच्यासारखे नारिंगी इंडिकेटर वेगळे असतील, तर दोन्ही संकेत एकत्र करणारा कन्व्हर्टर मध्ये बसवावाच लागतो.

हा कन्व्हर्टर थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून चालणारा घ्यावा, हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो, कारण न घेतल्याची किंमत मी मोजली आहे. पहिल्या सेकंडहँड ट्रकला मी टेल लॅम्पच्या वायरींवर चिमटा-क्लिपा दाबून ट्रेलरची जोडणी थेट केली होती. उद्यमनगरात वर्कशॉपमध्ये वाढलेल्या माणसाला तेवढे पुरेसे वाटले. अलीकडच्या गाड्यांत दिवे संगणकाच्या पेटीतून चालतात, आणि ट्रेलरची एक वायर चौकटीला घासून उघडी पडली तेव्हा ती पेटीच निकामी झाली. पेटी आणि मजुरी मिळून 900 डॉलर गेले. गाडीच्या मूळ वायरीला सुरी लावू नका. टेल लॅम्पच्या सॉकेटमध्ये मध्येच बसणारी तयार जोडणी तुमच्या मॉडेलसाठी मिळते का, हे आधी पाहा. त्या चिमटा-क्लिपा वायरीची तार अर्धवट कापतात, आत पाणी शिरते आणि वर्षभरात तांबे हिरवे पडते.

आता पांढऱ्या वायरीविषयी. ट्रेलरच्या दिव्यांची जी दुखणी माझ्याकडे आली, त्यांतली बहुतेक अर्थिंगची निघाली. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू मंद लुकलुकतात, किंवा ब्रेक दाबताच टेल लॅम्प विझतो, असे झाले की बल्ब बदलत बसू नका. परतीचा रस्ता बंद झालेला प्रवाह दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो, म्हणून हा गोंधळ दिसतो. ट्रेलर ज्या लोखंडी बॉलवर टेकतो त्यातूनच अर्थिंग मिळते, असे समजून पुष्कळ जण पांढरी वायर तशीच लोंबकळत सोडतात. त्या बॉलवर ग्रीस असते, गंज असतो आणि तो सतत हलतो. पांढरी वायर गाडीच्या चौकटीवर, रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर, दातेरी वॉशर घालून आवळावी आणि ट्रेलरवर ती प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र न्यावी. शंका असेल तर बॅटरीच्या ऋण टोकावरून एक लांब वायर त्या दिव्याच्या अर्थिंगला टेकवून पाहावी. दिवा सुधारला तर दोष तिथेच आहे.

आपली तिथली मंडळी दोन टोकांची आहेत. काही जण फ्यूज बदलायलाही डीलरकडे जातात, आणि आपल्या जिल्ह्यातले बाकीचे काळ्या चिकटपट्टीवर सगळे निभावून नेतात. उन्हात ती पट्टी सुटते. आतून डिंक असलेली, तापवली की आवळणारी नळी वापरावी.

मोठ्या ट्रेलरच्या सात टोकांच्या प्लगमध्ये वायरींचे रंग दोन वेगवेगळ्या पद्धतींचे असतात, त्यामुळे हिरवी वायर एकीकडे उजव्या बाजूची तर दुसरीकडे टेल लॅम्पची निघते. रंगावर न जाता टेस्ट लॅम्पने प्रत्येक टोक तपासावे. इलेक्ट्रिक ब्रेक असलेल्या ट्रेलरला चालकाजवळ वेगळा कंट्रोलर लागतो, आणि ब्रेक कोणत्या वजनापासून सक्तीचे आहेत हे राज्याराज्यांत बदलते.

निघण्यापूर्वी सगळे दिवे मागून पाहावेत. मागे उभे राहायला कोणी नसेल, तर ब्रेकचे पेडल आणि सीट यांच्यात लाकडाचे दांडके अडकवून खाली उतरावे. माझ्या ट्रकमध्ये जुन्या बॅटचा दांडा त्यासाठीच ठेवलेला आहे.