कॅप फेरीच्या आठवड्याआधी प्रवेश कक्षाने करावयाची तयारी

अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत जागावाटप जाहीर झाल्यापासून संस्थेत हजर होण्याच्या अंतिम मुदतीपर्यंत मोजकेच दिवस हाती असतात आणि निम्मी गर्दी शेवटच्या दिवशीच लोटते. म्हणून आठवड्याची आखणी त्या शेवटच्या दिवसापासून मागे मोजत करावी. त्या दिवशी कोणाचीही रजा, विभागाची बैठक किंवा नव्या माणसाचे प्रशिक्षण ठेवू नये. वेळापत्रकातील बदलाची सूचना राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या संकेतस्थळावर अवेळीही येते, तेव्हा रोज सकाळी खिडकी उघडण्यापूर्वी ती पाहण्याचे काम एकाच्याच नावावर लिहून ठेवावे.

जागावाटपाची यादी संस्थेच्या लॉगिनमध्ये दिसताच ती प्रवर्गानुसार लावून घ्यावी, कारण खिडकीवरचा वेळ खरा जातो तो कागदपत्रांत. इतर मागास, भटक्या जमाती, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) या प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना आदल्या दिवशीच दूरध्वनी करून जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र) या तिन्हींची चौकशी करावी. नॉन-क्रिमीलेअरवर वैधता चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, हे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. ज्यांच्याजवळ जातवैधतेच्या अर्जाची केवळ पावती आहे, त्यांची नावे वेगळ्या वहीत उतरवून मूळ प्रमाणपत्र सादर करण्याची मुदत प्रत्येक नावापुढे लाल शाईने लिहावी. ती मुदत चुकली की आरक्षणाचा दावा जातो, आणि तेव्हा पालकांची समजूत काढणे फार कठीण होते.

नावातील तफावत ही दुसरी हमखास अडचण. इंग्रजी गुणपत्रिकेवर ‘डी’ने सुरू होणारा ज्ञानेश्वर आधार कार्डावर ‘जी’ने सुरू होतो आणि रांग तिथेच थांबते. अशा प्रसंगासाठी हमीपत्राचा मराठी मसुदा आधीच तयार करून त्याच्या पंचवीसेक प्रती खिडकीवर ठेवाव्यात. शिक्षणात खंड (गॅप) असलेल्यांच्या शपथपत्राचा नमुनाही त्यांच्यासोबत असावा.

शुल्काच्या बाबतीत लेखा विभागाबरोबर अर्धा तास आधीच बसावे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे; टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफी योजना) जागेवर शिक्षण शुल्क माफ असले तरी इतर शुल्क भरावे लागते. हा फरक रोखपालाला तोंडपाठ असला तरी त्याच्या जागी जेवणाच्या सुटीत बसणाऱ्या बदली माणसाला तो ठाऊक नसतो, त्यामुळे प्रत्येक प्रकारात नेमकी किती रक्कम घ्यायची याचा तक्ता टेबलाच्या काचेखाली सरकवावा.

दूरध्वनीवर सर्वाधिक विचारणा ‘जागा फ्रीझ झाली का?’, म्हणजे कायम झाली का, याचीच होते. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाल्यास जागा आपोआप फ्रीझ होते आणि पुढील फेरीचा मार्ग बंद होतो, एवढे उत्तर साध्या मराठीत लिहून सर्वांनी शब्दशः तेच द्यावे. विद्यार्थ्याने काय निवडावे, याचा सल्ला मात्र आपण देऊ नये.

प्रवेश निश्चित झाल्याची नोंद संस्थेच्या लॉगिनमध्ये त्याच दिवशी व्हायला हवी. त्यासाठी दुपारी चारनंतर एक संगणक आणि एक माणूस खिडकीपासून पूर्ण मोकळा ठेवावा, वीज गेल्यास चालणारा यूपीएस आदल्या दिवशी तपासावा आणि शाळा सोडल्याचे मूळ दाखले त्या दिवसाच्या नोंदवहीशी ताडून कुलूपबंद करावेत.

शेवटच्या दिवशी परगावचे पालक रात्रीच्या एसटीने निघून सकाळी सातलाच फाटकाशी येतात. पहारेकऱ्याकडे कागदपत्रांच्या यादीच्या प्रती आणि सभागृहाची किल्ली आदल्या संध्याकाळीच देऊन ठेवावी.